न मोडलेली घडी

शैलजाबाई मुखऱ्यांच्या कपाटात एकशे चौदा साड्या होत्या आणि त्यांतल्या फार तर वीस त्यांच्या अंगाला लागल्या होत्या. उरलेल्या साड्या नेसण्यासाठी नव्हत्याच, त्या देण्यासाठी होत्या. कुणाच्या लग्नात आहेर म्हणून आलेली, कुणाच्या बारशात ओटीत पडलेली साडी घडीसकट कपाटात यायची, काही दिवस विसावायची आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या कुणाच्या ओटीत जायची. ज्या माणसानं दिली त्यालाच ती परत जाऊन फजिती होऊ नये म्हणून प्रत्येक घडीत एक चिठ्ठी असायची. 'विजूवन्संकडून, चिनूच्या बारशाला.' इचलकरंजीत असं न करणारी बाई तुम्हांला दिवा घेऊन शोधावी लागली असती.

कापडकायदा येऊन नऊ वर्षं झाली होती. शहरांबाहेर टाकून दिलेल्या कपड्यांचे ढीग इतके वाढले होते, की ते ना कुजत होते ना जाळता येत होते. शेवटी सरकारनं माणशी वर्षाला पाच नवे कपडे ठरवून दिले आणि प्रत्येकाच्या हातात कापडकार्ड ठेवलं. सुरुवातीला लोकांनी आरडाओरडा केला, मग सवय झाली. लोक कपडा पारखून घेऊ लागले, उसवला तर शिवू लागले, रफूवाल्यांच्या दारात रांगा लागल्या. आधी घेऊन ठेवलेली वस्तू दुसऱ्याला देण्यावर मात्र कायद्यात काहीच नव्हतं. त्यामुळे झालं काय, की कायद्याआधीच्या, घडी न मोडलेल्या साड्यांना भलताच भाव आला. त्या नुसत्या फिरत राहिल्या. एकीनं दिली, दुसरीनं ठेवली, तिसरीला दिली, आणि नेसली कुणीच नाही.

या कायद्यानं मुखऱ्यांच्या घराचं कंबरडं मोडलं होतं. धनंजय मुखऱ्यांचे सोळा माग होते. त्यांतले बारा भंगारात गेले. उरलेले चार इतके जुने आणि संथ होते की भंगारवाल्यानंही नाक मुरडलं. ते ताडपत्रीखाली पडून होते आणि धनंजयराव दर सोमवारी त्यांना तेल घालत. कशासाठी, हे त्यांना कुणी विचारत नसे.

त्यांची मुलगी अन्विता, घरातली अनू, नागपूरला कापसाच्या प्रयोगशाळेत होती. यंदाच्या पाडव्याला ती घरी आली, ती खाकी कागदातलं एक पुडकं घेऊन. आत एक साडी होती, आमसुली रंगाची, काठ बारीक हिरवे. दिसायला साधी. धनंजयरावांनी तिच्यावर हात फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. चाळीस वर्षं कापड हाताळलेला तो हात होता.

"हे काय आहे गं?" त्यांनी विचारलं.

"जिवंत आहे, अण्णा."

मग तिनं नीट समजावून सांगितलं. कापसाचा प्रत्येक तंतू आतून पोकळ असतो, एक अतिशय बारीक नळी असते ती. नासक्या फळांवर, शिरक्यात म्हणजे व्हिनेगरात एक जिवाणू वाढतो. तो साखर खातो आणि अंगातून धागे काढतो, आणि हे धागे कापूस ज्या द्रव्याचा बनतो त्याच द्रव्याचे असतात. अन्विताच्या चमूनं अकरा वर्षं निवड करत करत या जिवाणूची अशी जात तयार केली, की जी कापसाच्या नळीत जाऊन झोपते. कपडा अंगावर आला, त्याला ऊब मिळाली, घामातले क्षार मिळाले, की ती जागी होते. तंतू जिथे तुटतो तिथे हवा आत शिरते आणि हवा लागली की ती तिथे नवा धागा काढून भोक बुजवते. आठवड्यातून एकदा साडी भाताच्या पेजेत बुचकळली की तिचं पोट भरतं.

"म्हणजे कापड स्वतःच स्वतःला रफू करतं," धनंजयराव म्हणाले.

"तेच. पंचवीस वर्षं टिकेल. पण एक अट आहे. ही नेसावी लागते. ठेवून दिली तर ती झोपते आणि दोन महिन्यांनी मरते. मग घडीवर पापडासारखी मोडते. आणि आई, पहिले पंधरा दिवस थोडी खाजेल. आपल्या कातडीवरचे जंतू आणि हे, दोघांचं बस्तान बसायला वेळ लागतो. एकदा बसलं की झालं."

"पंचवीस वर्षं टिकली तर मग माग चालवायचे कुणासाठी?" धनंजयरावांनी विचारलं. ते व्यवहारी होते.

"एका बाईला दहाच साड्या लागतील, अण्णा, कारण त्याहून जास्त ती नेसूच शकणार नाही. पण त्या दहा तरी लागतील. आज तुमच्याकडून एकही कुणी घेत नाही. आणि हे सूत भरभर विणलं तर मरतं. त्याला संथ माग लागतो." तिनं ताडपत्रीकडे पाहिलं. "असले."

धनंजयराव त्यानंतर बराच वेळ मागाशी काहीतरी करत बसले.

घरगुती वापराच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेनं अशा सहा साड्या काढल्या होत्या. पाच तिथल्याच बायका नेसणार होत्या, सहावी अन्वितानं आईसाठी मागून आणली होती. आईनं रोज नेसायची आणि दर रविवारी फोनवर सांगायचं: खाज किती, वास येतो का, कुठे विरली का. एवढंच काम.

अन्विता नागपूरला परतली आणि शैलजाबाईंनी साडी पुन्हा खाकी कागदात गुंडाळली. लेकीच्या अकरा वर्षांच्या कष्टांची साडी. ती नेसून का पोळ्या लाटायच्या? ती अनूच्या लग्नात नेसायची. अनूच्या लग्नाचा अजून कुठे पत्ता नव्हता, पण म्हणून काय झालं? त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, 'अनूकडून. ठेवणीतली. कोणालाही द्यायची नाही', ती घडीत सारली आणि साडी सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवून दिली. जिवंत बिवंत म्हणतात ते ठीक, पण जपून ठेवलेलं कापड मरतं हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. त्यांच्या आईनं, सासूनं, सगळ्यांनी चांगलं कापड जपूनच ठेवलं होतं.

पहिल्या रविवारी फोन आला.

"नेसतेस ना, आई?"

"हो गं, नेसते की."

"खाजतं का?"

आता लेकीला तक्रार कशी सांगायची? "छे, अजिबात नाही. लोण्यासारखी आहे."

"अजिबात नाही?" अन्विताच्या आवाजात इतका आनंद होता की शैलजाबाईंनाही बरं वाटलं. "इथे पाचही जणींना खाजतंय. तुला नाही म्हणजे कमाल आहे. लिहून ठेवते."

आणि ती दर रविवारी लिहीत राहिली. खाज नाही, वास नाही, विरली नाही. दोन महिने उलटले तेव्हा मात्र शैलजाबाईंना तो वरचा कप्पा उघडायची भीती वाटायला लागली. न उघडलेल्या कप्प्यात साडी अजून धड होती. उघडला असता तर काय दिसलं असतं कुणास ठाऊक. त्या स्टुलावर चढायच्या, कप्प्याच्या कडीला हात लावायच्या आणि खाली उतरायच्या.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी दुपारी अन्विताचा फोन आला, रविवार नसताना.

"आई, सगळं गेलं." ती रडत नव्हती, पण तिचा आवाज कोरडा पडला होता. "जिवाणू वाढवतो त्या हौदात विषाणू शिरला. जिवाणूंनाच खाणारे विषाणू असतात. दही लावताना कधी कधी अख्खी बॅच लागत नाही ना, तसंच. मूळ विरजण गेलं. शीतपेटीत राखून ठेवलेलं होतं, त्यातही आधीपासून लागण होती. इथल्या पाचही साड्या आमच्याच हौदात बुचकळल्या जायच्या, त्याही गेल्या."

"अगं बाई."

"फक्त तुझी उरली. ती पाडव्यानंतर इथे आलीच नाही. आठ महिने माणसाच्या अंगावर वाढलेलं विरजण आहे ते, जगात एकमेव. मी रविवारी सकाळी पोचते. आणि आई, तुझी नोंद बघूनच, इथली खाज प्रयोगशाळेतल्या रसायनांची असं धरून, आम्ही पुढच्या तीनशे साड्यांमधून खाज कमी करायचं औषध काढून टाकलं होतं. तुझ्यामुळे खूप सोपं झालं. रोज नेसत राहा, बरं का. उतरवू नकोस."

फोन ठेवल्यावर शैलजाबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी कप्पा उघडला. मेलेली, पापडासारखी मोडलेली साडी पाहायची त्यांनी मनाची तयारी केली होती. पण कप्प्यात साडीच नव्हती.

"अहो!" त्यांनी अशी हाक मारली, की धनंजयराव तेलाची झारी हातात घेऊनच आत आले.

"अनूची साडी कुठाय?"

"कुठली?"

"आमसुली. वरच्या कप्प्यातली."

धनंजयरावांनी झारी खाली ठेवली. "ती? ती तर तूच मागवलीस ना, अक्षय्य तृतीयेला, तुझ्या भाच्याच्या, सुहासच्या लग्नात. नवरीची मावशी ऐनवेळी आली, आहेराला साडी कमी पडली, म्हणून फोन केलास. कपाटातली कुठलीही एक घेऊन या म्हणालीस."

"कुठलीही म्हणजे मधल्या कप्प्यातली! तो कप्पा आहेराचा आहे!"

"मी सगळ्यांना हात लावून पाहिला," धनंजयराव म्हणाले. "त्यातल्या त्यात कापड हेच होतं. अनूला तू फोनवर नेसते म्हणायचीस, म्हणून तिची साडी कपाटात असेल असं मला वाटलंच नाही. लग्नघरी द्यायचं तर धड द्यावं, म्हणून हीच आणली. गडबडीत तू तशीच दिलीस त्यांना, पिशवीसकट."

जन्मभर ज्या हाताच्या पारखेचा धनंजयरावांना अभिमान होता, त्याच हातानं घात केला होता. शैलजाबाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी फोन उचलला.

नवरीची मावशी जयसिंगपूरला होती. शोभाताई उगारे. 'आमसुली? बारीक काठाची? हो हो, छान होती हो. पण मला तो रंग शोभत नाही. मी घडीही मोडली नाही, आठ दिवसांत कुरुंदवाडला माझ्या नणंदेला दिली. चिठ्ठीबिठ्ठी काही बघितली नाही बाई, माझी माझी चिठ्ठी घातली वर.' नणंदेला फोन. 'ती होय. आमच्या सुनेचं डोहाळजेवण होतं ना त्याच आठवड्यात. चुडा भरायला रत्नाक्का कासारीण आली होती. तिला साडी द्यायची पद्धत आहे आमच्यात. तिला दिली.'

शैलजाबाईंनी बोटांवर दिवस मोजले. पाडव्यापासून अक्षय्य तृतीया, मग आठ दिवस, मग डोहाळजेवण. साडी कासारणीकडे गेली तेव्हा पन्नासही झाले नव्हते. दोन महिने अजून भरायचे होते. पण कासारणीनंही ती पेटीतच ठेवली असेल तर? एवढी चांगली साडी मिळाल्यावर कोण नेसतं?

शुक्रवारी ती दोघं कुरुंदवाडला गेली. त्या दिवशी बाजार होता. शैलजाबाईंनी बदली देण्यासाठी आपली सर्वांत चांगली इरकल बरोबर घेतली होती, घडी न मोडलेली, अठरा वर्षं ठेवलेली. वाटभर त्यांनी ती मांडीवर धरून ठेवली.

रत्नाक्का बाजाराच्या कडेला, लिंबाखाली बांगड्या मांडून बसली होती. पंचावन्न-साठची, काटक बाई. एका पोरीचा हात दाबून, बोटं मिटवून ती हिरवी बांगडी चढवत होती. आणि तिच्या अंगावर ती साडी होती.

शैलजाबाई तिथेच थबकल्या. साडी उन्हात होती, धुळीत होती, खांद्यावर घामाचे पट्टे होते, आणि अशी झळझळीत दिसत होती, की पाडव्याला कागदातून काढली तेव्हाही दिसली नव्हती. धनंजयराव सरळ पुढे गेले आणि पदराजवळ वाकून कापड निरखू लागले. मग आपण काय करतोय ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

"काय वं?" रत्नाक्कानं भुवया चढवल्या. "साडी बघताय व्हय? बघा की. समदी बघत्यात."

शैलजाबाई शेजारी बसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आपली लेक, ही साडी, चुकून दिली गेली. सांगता सांगता त्यांना आपल्या शब्दांची लाज वाटत होती.

रत्नाक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग कनवटीची छोटी पिशवी सोडली, चुन्याच्या डबीशेजारी घडी घालून ठेवलेला एक कागद काढला आणि पुढे केला. शैलजाबाईंचं अक्षर. ठेवणीतली. कोणालाही द्यायची नाही.

"घडीत घावला. नातीनं वाचून दावला," रत्नाक्का म्हणाली. "कुनाला द्यायची न्हाई आसं लिवलंय, म्हनून म्या कुनाला दिली न्हाई. भैन मागत हुती, तिलाबी न्हाई म्हनलं. दुसऱ्या दिवशीच नेसली."

"लगेच? रोजच्याला?"

"माज्याकडं साड्या चार. ठिवू कुठनं? आन ठिवून कुनाला दावू?" ती हसली. "ही लई येगळी हाय बगा. बांगड्यांची टोपली कमरंवर घिऊन फिरती मी गावोगाव, हितं घासती." तिनं डाव्या कमरेवर हात ठेवला. "दोन म्हैन्यात साडी हितं इरतीच. ही इरली न्हाई. येकदा फाटली, बोट जाईल येवडी. म्हनलं सवडीनं शिवू. आठ दिसांनी बगतेय तर भोक न्हाई."

"आणि खाजली का?" शैलजाबाईंनी विचारलं.

"आगा बाबौ! पयल्यांदा आशी खाजली, की रातची उठून बसायची मी. पंधरा-ईस दीस. म्हनलं, नवी हाय, रुसलीय, बसंल हळूहळू. दर आटवड्याला पेजंची खळ दिती मी समद्या साड्यांस्नी, तशी हिलाबी दिली. मग बसली जाग्यावर." रत्नाक्का थांबली. तिनं शैलजाबाईंकडे नीट पाहिलं. "लेकीनं दिल्ती म्हंता. मंग घडी का न्हाई मोडली तुमी?"

शैलजाबाईंनी इरकल पुढे केली. रत्नाक्कानं तिच्यावरून हात फिरवला, चांगली आहे म्हणाली आणि परत दिली. "मला हीच बरी पडती. पर तुमच्या लेकीचं काम आडत आसंल तर येका दिसासाटी न्या. आयतवारी न्या, सोमवारी आना. तेवडी इरकल नेसती मी."

धनंजयरावांचा चेहरा उजळला. ते शैलजाबाईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "झालं की काम. रविवारी ही नेसून बस. अनू येईल, हवं ते घेईल. तिला कशाला कळायला हवं? उगाच तिचं मन मोडायचं."

शैलजाबाईंनाही क्षणभर तेच वाटलं. अगदी मनापासून वाटलं. मग त्यांना खाजेचं औषध आठवलं. अन्विताच्या वहीत त्यांनी सांगितलेल्या चौतीस नोंदी होत्या, आणि चौतीसही खोट्या. त्या नोंदींवर तीनशे साड्या विणल्या जाणार होत्या, बहुतेक याच माणसाच्या चार मागांवर. तीनशे बायका पंधरा दिवस अंग खाजवणार आणि साड्या उतरवून कपाटात ठेवणार. मग त्या तिथे मरणार. आणि लेकीला कधीच कळणार नाही की का.

"नको," त्या म्हणाल्या.

"अगं पण..."

"तिचं मन मोडलेलं परवडलं. तिचं कापड मोडायला नको."

त्यांनी तिथेच, लिंबाखाली, लेकीला फोन लावला. आजूबाजूला भाजीवाल्यांचा कालवा चालला होता. त्यांनी सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता.

"एकदाही नाही?" अन्वितानं विचारलं.

"एकदाही नाही. तुझ्या लग्नासाठी ठेवली होती."

"चौतीस रविवार, आई. मी दर रविवारी तारीख घालून लिहीत होते."

"हो."

"मी येते," अन्विता म्हणाली आणि फोन बंद झाला. शैलजाबाईंचे डोळे भरून आले. रत्नाक्कानं पुढच्या पोरीचा हात हातात घेतला आणि बांगडी चढवायला लागली.

रविवारी अन्विता थेट कुरुंदवाडला आली. रत्नाक्काच्या अंगणात पाय ठेवला आणि ती फाटकापाशीच थांबली. आईनं पुढे होऊन तिला जवळ घ्यायला हात केले, तशी ती मागे सरली.

"नको. माझ्या अंगावर तो विषाणू असू शकतो. कपडे नवे आहेत, वाटेत घेतले, कार्डावरचा या वर्षीचा शेवटचा कपडा गेला. तरी साडीजवळ मी येणार नाही. तूही मला शिवू नकोस."

मग दहा हातांवरूनच तिनं वही काढली. चौतीस ओळींवर आडव्या रेघा मारल्या, एकेक करून, घाई न करता. शैलजाबाई बघत राहिल्या. त्या रेघा मारून झाल्यावर अन्वितानं नवं पान काढलं आणि रत्नाक्काला विचारायला लागली. कधीपासून नेसली, दिवसाला किती तास, खाज कुठे जास्त, पेज तांदळाची की नाचण्याची. तासाभरात पान भरलं. अन्विताच्या आवाजातला कोरडेपणा हळूहळू गेला. "मावशी, आमच्या पाच बायकांच्या साड्या मिळून जेवढं कळलं नसतं तेवढं तुम्ही एकटीनं सांगितलंत," ती म्हणाली.

विरजणासाठी वीतभर पट्टी हवी होती. रत्नाक्कानं कात्री घेतली. "पदर न्हाई. आतलं नेसनीचं टोक घ्या, कुनाला दिसत न्हाई." तिनं स्वतःच पट्टी कापली. दहा-पंधरा दिवसांत ते टोक परत भरून येईल, असं अन्विता म्हणाली, तेव्हा तिनं मान डोलावली. तिला त्यात नवल वाटलं नाही. तिनं ते सहा महिने पाहिलं होतं.

आता प्रश्न होता तो पट्टी नागपूरला न्यायचा. डबीत ठेवली तर झोपणार. नवा हौद दुसऱ्या इमारतीत, पंधरा दिवसांनी तयार होणार. तोवर पट्टी कुणाच्या तरी अंगावर हवी, रात्रंदिवस, आणि अन्विताच्या अंगावर चालणार नव्हती.

"मी येतो," धनंजयराव म्हणाले.

"तुम्ही माग पुसा," शैलजाबाई म्हणाल्या. त्यांनी ब्लाऊजची बाही वर केली आणि दंड रत्नाक्कापुढे धरला. "बांधा. घट्ट बांधा."

रत्नाक्कानं बांगडी चढवताना धरायची तसा हात धरला, आमसुली पट्टी दोन वेढे देऊन बांधली आणि गाठ मारली. "आता ही घडी तुमी मोडली बगा," ती म्हणाली.

सोमवारी सकाळच्या बसनं मायलेकी निघाल्या. एकमेकींना शिवायचं नव्हतं, म्हणून मधली वाट सोडून दोन बाजूंच्या खिडक्यांना बसल्या. सोलापूरपर्यंत अन्विता वहीतच मान घालून होती. शैलजाबाईंनी तिला तसंच राहू दिलं. रुसलेल्या माणसाला वेळ द्यावा लागतो, एवढं कळण्याइतकं वय झालं होतं.

सोलापूर सोडलं आणि दंडावर काहीतरी चुरचुरायला लागलं. आधी मुंगी फिरल्यासारखं, मग खाजकुइली लागल्यासारखं. शैलजाबाईंनी दुसरा हात मांडीखाली दाबून धरला. खाजवायचं नाही, असं अन्वितानं बजावलं होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

अन्विता पलीकडून बघत होती.

"खाजतंय?"

"खूप."

अन्वितानं वही उघडली. नवीन पानावर तारीख घातली, वेळ घातली, आणि लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"खरं सांगतेस ना, आई?"

शैलजाबाईंनी बाही वर सरकवली आणि दंड मधल्या वाटेवर पुढे केला. पट्टीच्या वर आणि खाली तो लालबुंद झाला होता. अन्विता त्या लाल कातडीकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं. तिनं मान खाली घातली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "खाज आहे. जिवंत आहे."